फोटो मीच पाठवले होते, मग तक्रार कशी करू?

प्रश्न : त्याचं दुसरीकडे जुळल्याचं कळलं म्हणून मी नातं तोडलं. आता तो म्हणतो, 'परत आली नाहीस तर तुझे खासगी फोटो बाबांना पाठवीन.' फोटो मीच विश्वासाने दिले होते. पोलीस माझं काय ऐकणार?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, फोटो त्याला दिलेत, गावाला दाखवायला नाही. काढायला संमती असली तरी इतरांना पाठवणं गुन्हाच, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 च्या स्पष्टीकरणात आहे. नुसती धमकीही गुन्हाच.

चॅट पुसू नका; पहिला मोह तोच होतो. आधी स्क्रीनशॉट जपा, मगच ब्लॉक करा. 'शेवटचं एकदा भेट' म्हणाला तर एकट्या जाऊ नका. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येते, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. तिथे अशा प्रकरणात नाव न देण्याची सोय आहे.

राहता राहिले बाबा. त्याच्याकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा, हवं तर आईला किंवा मावशीला मध्ये घेऊन. रागावतील, पण त्याच्या हातातलं हत्यार बोथट होईल. भाऊ तापट असेल तर त्याला तक्रारीनंतरच सांगा. हाणामारी झाली तर उलटी केस तुमच्याच घरावर यायची.