एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं

डिस्कचे तुकडे पाडणं हा एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदवण्यातला सगळ्यात सोपा भाग, आणि लोक नेमके त्यालाच घाबरतात. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे ते श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींपुरतं. बाकी सगळं उबुंटू लिनक्सवर चालतं. या दोघांनी मला जो त्रास दिला तो आपापल्या हद्दीत कधीच नाही, सामायिक जागेत. वाडा वाटून घेतला तरी दिंडीदरवाजा आणि विहीर एकच राहते, तसं.

पहिली सामायिक जागा बूटची. जुन्या बायॉसच्या मशीनवर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत एकाच बूटलोडरला जागा असे. नंतर आलेलं विंडोज आधीच्याला बिनदिक्कत पुसून टाकी. युईएफआय आल्यापासून फॅट-३२ मधल्या एका छोट्या ईएफआय पार्टिशनवर प्रत्येकाला आपलं फोल्डर मिळतं. तरीही आधी विंडोज आणि मग लिनक्स हाच क्रम ठेवा, डोकेदुखी वाचते. विंडोजची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. लिनक्स टाकताना ते ईएफआय पार्टिशन निवडा, पण त्याच्यापुढच्या ‘फॉरमॅट’वर टिक पडलेली नाही ना, हे दोनदा बघा.

या सगळ्याच्या आधी बॅकअप, आणि बिटलॉकर. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोजचं हे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं. युईएफआयच्या सेटिंगमधलं सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढला तरी चालेल, त्याच लॅपटॉपवर मात्र नको.

दुसरी जागा म्हणजे दोघांनी वापरायचं एनटीएफएस पार्टिशन. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पुरतं झोपत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं. अशा वेळी उबुंटू ते पार्टिशन फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. मला आधी परवानग्यांचा घोळ वाटला. संध्याकाळभर त्याच्याच मागे होतो. जबरदस्तीनं लिहायला लावण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नका. फाइली जातात त्या तिथंच. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, विषय संपला.

तिसरं घड्याळ, आणि हे आपल्याकडे फार ठळक दिसतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूवरून विंडोजमध्ये आलं की दुपारचे तीन असताना सकाळचे साडेनऊ! अनेक जण सेल गेला म्हणून बदलून आणतात. लिनक्सला एका कमांडनं स्थानिक वेळ पाळायला लावता येतं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत जागतिक वेळ मान्य करून घेता येते. भारतात घड्याळं वर्षातून दोनदा पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे पहिला सोपा मार्ग चालून जातो. लंडनला किंवा न्यू जर्सीला असलेल्यांनी दुसराच धरावा. नाहीतर उन्हाळी वेळ लागू झाली की दोन्ही सिस्टिम आपापला तास सरकवतात.

नुसतं लिनक्स बघायचं असेल तर यातलं काहीच करू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा.

शेवटी काढून टाकण्याविषयी, कारण तिथं घाई होते. उबुंटूचं पार्टिशन आधी उडवलं तर ग्रबला, म्हणजे उबुंटूच्या बूटलोडरला, आपल्या फाइली सापडत नाहीत आणि पडद्यावर नुसता प्रॉम्प्ट येतो. आधी युईएफआयच्या सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, मशीन बंद करून चालू करा, थेट विंडोज येतंय याची खात्री करा आणि मगच पार्टिशन काढा. ईएफआयमधलं उबुंटूचं फोल्डर मागे राहिलं तरी बिघडत नाही, काही एमबीच खातं.