रक्तातला विळा

आपले अंग बारीक बारीक पेशींचे बनले आहे. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. म्हणून मूल वाढते, जखम भरते.

रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र अशा वाढत नाहीत. हाडांच्या आत मऊ गर असतो. तिथे त्या नव्या तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आपल्या वाशीमकडे पेरलेले सोयाबीन घरी येते, जवळजवळ तेवढाच काळ. जुनी मरते, नवी तिची जागा घेते.

विदर्भात पुष्कळ घरांत सिकल सेलचा आजार आहे. सिकल म्हणजे विळा. यात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ती १० ते २० दिवसांतच मरते. नव्या पेशी पुऱ्या पडत नाहीत. रक्त कमी होते. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात. मग हाडे, सांधे ठणकतात.

ही करणी नव्हे, बरं का! शिवल्यानेही हा आजार होत नाही. तो आई-बापांकडून येतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला रुपयात चार आणे धोका. वाहक माणूस धडधाकट दिसतो. म्हणून लग्नाआधी सरकारी दवाखान्यात दोघांचेही रक्त तपासून घ्या.

पत्रिका पाहता ना? मग रक्तही पाहा.