शिकारी माशांसाठी पहिले मोठे मत्स्यालय : पूर्वतयारी व निगा

काचेआडचे मासे पाहण्याची गोडी महाराष्ट्रातील सामान्य जनांस लावण्यात मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे. ते १९५१ साली सुरू झाले. आता मोठ्या काचेच्या टाक्या, पंप व इतर साहित्य जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागल्याने शाळेच्या दालनात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात अथवा एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या ओसरीवर असे मत्स्यालय उभारणे शक्य झाले आहे. आखाडा बाळापूरसारख्या बाजारपेठेच्या गावी त्याचा विशेष उपयोग होण्यासारखा आहे. एका बाजूस कयाधू, दुसऱ्या बाजूस पैनगंगा व तिच्यावरील इसापूर जलाशय, आणि शेतोशेती झालेली शेततळी, अशा ह्या भागात मरळ हा मासा सर्वांच्या परिचयाचा आहे व त्यास बाजारात भावही चांगला येतो. शेततळ्यात मरळ पाळू इच्छिणाऱ्याने तो प्रथम काचेआड वाढवून पाहिल्यास त्याचा स्वभाव, त्याची भूक व त्याच्या पाण्याची गरज ही थोड्या खर्चात समजतात.

तथापि पहिल्या प्रयत्नात असे मत्स्यालय बहुधा पहिल्याच महिन्यात बिघडते. त्याचे कारण माशांत नसून पाण्यात असते. म्हणून मासा आणण्यापूर्वी पाणी कसे तयार करावे, ह्याकडे प्रथम लक्ष देणे अवश्य आहे.

जागा व टाकी

शिकारी मासा वाढतो झपाट्याने. मरळ दोन फुटांपर्यंत सहज वाढतो. टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीहून कमी असल्यास त्यास वळता येत नाही. ह्या दृष्टीने ६ फूट लांब, अडीच फूट रुंद व अडीच फूट उंच अशी टाकी आरंभास योग्य होय. ती काठोकाठ न भरता दोन फुटांपर्यंतच भरावी. त्यायोगे पाणी ३० घनफूट, म्हणजे सुमारे ८५० लिटर राहते. वर राहिलेला अर्धा फूट मोकळा ठेवणे आवश्यक आहे. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय असते आणि ती मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेते. तिला वर येऊ न दिल्यास ती पाण्यातही गुदमरते. मरळ उंच उडी मारते व ओल्या जमिनीवरून सरपटतही जाते, म्हणून टाकीवर हवा खेळेल असे जाळीचे, परंतु वजनदार झाकण असावे.

काच १२ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी व वरच्या कडांस काचेच्या आडव्या पट्ट्या जोडाव्यात. पाण्याचे वजन ८५० किलो, त्यात काच, वाळू, दगड व लोखंडी घोडा मिळवता एकूण भार अकराशे किलोंच्या पुढे जातो. ह्या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीवर नुसत्या फरशीवर ठेवलेली टाकी एका बाजूस खचते आणि काचेस तडा जातो. म्हणून काळी माती काढून, मुरूम भरून, ठोकून त्यावर काँक्रीटचा थर द्यावा. घोडा पाणसळीने समपातळीत आणावा व टाकीखाली इंचभर जाडीचा थर्मोकोल घालावा. टाकीवर ऊन पडणार नाही आणि पत्र्याचे छप्पर थेट वर येणार नाही, अशी जागा निवडावी. विजेच्या जोडणीस आरसीसीबी स्विच बसवावा, कारण येथे पाणी, वीज व मुलांचे हात एकत्र येतात.

पाणी आधी, मासा नंतर

शेतकऱ्यास नत्र परिचित आहे. हळदीच्या शेतात घातलेल्या अमोनियायुक्त खताचे जमिनीतील जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्याच प्रकारचे जीवाणू मत्स्यालयाच्या फिल्टरमध्येही हेच काम करतात. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही माशास विषारी आहेत. नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी असते.

शिकारी माशाच्या टाकीत हा प्रश्न अधिक तीव्र का होतो, हे साध्या हिशेबाने दिसून येईल. तीन लहान मरळींचे एकत्रित वजन एक किलो धरले व वजनाच्या शेकडा २ ह्या प्रमाणात कोरडे खाद्य दिले, तर दिवसास २० ग्रॅम खाद्य लागते. त्यात शेकडा ४० प्रथिने धरल्यास ती ८ ग्रॅम होतात. प्रथिनांत नत्र सुमारे शेकडा १६ असते, म्हणजे नत्र १.३ ग्रॅम झाले. त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे पाऊण ग्रॅम, अमोनिया होऊन पाण्यात उतरते. ८५० लिटर पाण्यात हे प्रमाण प्रतिलिटर ०.९ मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि तेही एका दिवसात.

ह्या अमोनियाचा किती भाग विषारी ठरतो, हे पाण्याच्या सामूवर व तापमानावर अवलंबून असते. सामू ७ असता त्याचा शेकडा एकाहूनही कमी भाग मुक्त व घातक रूपात असतो. परंतु सामू ८ व तापमान ३० अंश सेल्सिअस असता तो शेकडा ७ ते ८ होतो. मराठवाड्यातील काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते. मुक्त अमोनिया प्रतिलिटर ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की सर्वसाधारण माशाच्या कल्ल्यांस इजा होऊ लागते. वरील हिशेबाप्रमाणे नव्या टाकीत ही मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली जाते. मरळ इतर माशांपेक्षा काटक असल्याने ती लगेच मरत नाही. त्यामुळे पाणी बिघडल्याचे पालकाच्या ध्यानी येत नाही आणि मासा अन्न सोडू लागेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते.

ह्यावर उपाय म्हणजे मासा आणण्यापूर्वी जीवाणूंची वाढ करून घेणे. टाकीशेजारी ६० ते ८० लिटरचे पिंप घेऊन त्यात स्पंज, नायलॉनच्या जाळीचे तुकडे व खडी भरावी. तासाला सुमारे ३००० लिटर पाणी खेळविणारा पंप लावून टाकीतील पाणी त्या पिंपातून अखंड फिरवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंस मारक असते, म्हणून ते पाणी हवा खेळवीत २४ तास ठेवून मगच वापरावे. बोअरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. तेही एक दिवस हवेशीर करून घ्यावे.

नंतर ८५० लिटर पाण्यात साडेसहा ग्रॅम शुद्ध नवसागर विरघळवावा. त्यायोगे अमोनियाच्या रूपातील नत्र प्रतिलिटर २ मिलिग्रॅम होते. रंगचाचणीच्या संचाने अमोनिया व नायट्राइट दर दोन दिवसांनी मोजावे, आणि अमोनिया नाहीसा होताच तेवढाच नवसागर पुन्हा घालावा. प्रथम अमोनिया उतरतो व नायट्राइट चढते, मागाहून तेही उतरते. नवसागर घातल्यानंतर २४ तासांत दोन्ही शून्यावर येऊ लागली म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे. ह्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी मासे असलेल्या जुन्या मत्स्यालयातील स्पंजचा तुकडा आणून पिंपात ठेवल्यास हा अवधी कमी होतो. मासे सोडण्यापूर्वी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे.

नवसागराऐवजी घरातील युरिया वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण तो टाळावा. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियास निमतेलाचा लेप देणे सक्तीचे झाले आहे. जमिनीत नत्राचे रूपांतर सावकाश व्हावे, हा त्या लेपाचा एक हेतू आहे. शेतात जे हिताचे, तेच टाकीत अडथळ्याचे ठरते, कारण निमतेल ह्याच जीवाणूंस आवर घालते.

मासे कोणते निवडावेत

आरंभी मरळच निवडावी. चार ते सहा इंच लांबीची, एकाच आकाराची तीन पिले पुरेशी होत. आकारात तफावत असल्यास मोठे पिलू लहानास गिळते. पिले वाढू लागली म्हणजे एक अथवा सलोख्याने राहणारी जोडी ठेवून उरलेली काढून घ्यावीत. वाम हा रात्री हिंडणारा व वाळूत शिरून बसणारा मासा आहे. तो ठेवावयाचा झाल्यास तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू असावी. शिवडा मात्र घेऊ नये. तो एक मीटरहून अधिक वाढतो व जबड्यात मावेल तो मासा गिळतो, त्यामुळे ह्या मापाची टाकी त्यास अपुरी पडते.

पिले शक्यतो परिचित मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडून घ्यावीत. पावसाळ्यात तळ्याच्या काठाशी तांबूस पिलांचा थवा व त्याखाली पहारा देणारे आईबाप दिसतात. त्या वेळी मोठा मासा धरल्यास मागे राहिलेली पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून अशा थव्यास हात लावू नये. नवीन पिले दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून अंगावर व्रण नाहीत अशी खात्री झाल्यावरच मुख्य टाकीत सोडावीत. माशांच्या अंगावर खोल जखमा पाडणारा व्रणरोग १९८८ मध्ये भारतात आला. मरळीच्या जाती त्यास फार लवकर बळी पडतात, व तो विशेषतः थंडीत बळावतो.

खाद्य

जिवंत मासे सोडून शिकार पाहण्याची हौस अनेकांस असते. परंतु नाल्यातून आणलेल्या लहान माशांबरोबर परोपजीवी व व्रणरोगही टाकीत येतात. त्यापेक्षा माशांचे तुकडे, कोळंबी व स्वच्छ धुतलेली गांडुळे द्यावीत, आणि हळूहळू गोळीच्या खाद्याची सवय लावावी. मटण व काळीज नित्य देऊ नये, कारण त्यातील चरबी माशास पचत नाही. पिलांस रोज, व मोठ्या माशास आठवड्यातून दोन-तीन वेळाच खाऊ घालावे. पंधरा मिनिटांत न खाल्लेले अन्न काढून टाकावे. हिवाळ्यात पाणी गार होताच भूक मंदावते, तेव्हा खाद्यही कमी करावे.

भारनियमन व उन्हाळा

वीज गेल्यावर मरळ हवेतून श्वास घेऊन तग धरते, परंतु फिल्टरमधील जीवाणूंस पाण्यातीलच प्राणवायू हवा असतो. बंद पिंपातील पाणी काही तास स्थिर राहिल्यास ते मरू लागतात. नंतर वीज येऊन तेच दूषित पाणी टाकीत उतरते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पिंपास जोडून ठेवावा. वीज दीर्घ काळ गेली असल्यास पिंपातील पाणी ओतून टाकून मगच पंप सुरू करावा, व त्या दिवशी खाद्य देऊ नये. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. २० अंशांस प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांस ७ मिलिग्रॅमही मावत नाही. अशा वेळी हवा अधिक खेळवावी व खिडक्यांस ओले पडदे लावावेत.

आठवड्याची निगा

दर आठवड्यास एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे २१० लिटर पाणी बदलावे. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने भाजीच्या वा हळदीच्या वाफ्यास उपयोगी पडते. मात्र औषध अथवा मीठ घातलेले पाणी पिकास देऊ नये. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. सर्व स्पंज एकाच दिवशी धुऊ नयेत.

टाकीतील मासा नदीत सोडू नये

दुकानांतून परदेशी शिकारी मासे बोटभर लांबीचे असताना विकले जातात. ते वाढून टाकीत मावेनासे झाले म्हणजे दयाबुद्धीने नदीत सोडले जातात. त्याचा परिणाम भोगावा लागतो तो मासेमारीवर पोट असणाऱ्यांस. मत्स्यालयासाठी आणलेला सकर मासा भीमा नदीवरील उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. काश्मीरमधील दल सरोवरात २०२३ मध्ये मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी गार मासा आढळला. थाई मांगूर ह्या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगुरावर तर भारतात २००० सालापासून बंदी आहे. असा मासा कयाधूत किंवा इसापूर जलाशयात रुजल्यास तो पुन्हा वेचून काढणे कोणासही शक्य नाही, व पिढ्यानपिढ्या त्या पाण्यावर जगणाऱ्या भोई कुटुंबांचे जाळे रिकामे राहू लागेल. नको झालेला मासा विक्रेत्यास अथवा दुसऱ्या पालकास द्यावा. देशी मासाही टाकीत आजारी पडलेला असू शकतो, म्हणून तोही नदीत परत सोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे मत्स्यालय उभारू इच्छिणाऱ्यास प्रथम हे दोन प्रश्न विचारावेत : पाणी तयार होण्यास लागणारे सहा आठवडे थांबण्याची तयारी आहे काय, आणि मासा पूर्ण वाढल्यावर त्याची व्यवस्था ठरली आहे काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी असल्यास जागा आखून द्यावी. मासे येण्यापूर्वीच्या आठवड्यांत अमोनियाची चाचणी शाळेतील मुलांकडून करवून तिचे आकडे फळ्यावर मांडावेत, व शेततळे असलेल्या शेतकऱ्यांस ते आवर्जून दाखवावेत. दाट मासे व भरपूर खाद्य घातलेल्या तळ्याच्या पाण्यातही हाच अमोनिया साचत असतो.