दारी आलेले आरोग्य

गावात डॉक्टर नसेल, तर गावाने आजारीच राहायचे का? या प्रश्नाचे उत्तर जामखेड तालुक्यातील साध्यासुध्या बायकांनी दिले. त्यांचीच ही हकीकत आहे.

जामखेड हा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे तेथे राहायला आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासही केला होता. शहरात त्यांना पैसा मिळाला असता; पण त्यांनी खेडे निवडले.

त्यापूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात काम करताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. औषधाने बरे झालेले मूल थोड्याच दिवसांत तोच आजार घेऊन परत येई. कारण घरचे पाणी तसेच गढूळ असे आणि पोटाला अन्नही तसेच अपुरे असे. म्हणजे नुसत्या औषधाने भागणार नव्हते. आरोग्याची सुरुवात घरातूनच व्हायला हवी होती.

त्या काळी जामखेड भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आतच दगावत. सहा पाळण्यांपैकी एक पाळणा रिकामा होई! हगवण, ताप, धनुर्वात अशा टाळता येण्याजोग्या आजारांनी मुले जात. जुलाब होणाऱ्या मुलाला पाणी देऊ नये, अशी चुकीची समजूत होती. त्यामुळे अंगातले पाणी संपून मूल मरे.

आरोळे दांपत्याने प्रथम शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले; पण बाहेरून आलेल्या बाईचा खेड्यात जम बसेना. मग गावातलीच एक बाई निवडून तिला शिकवायचे ठरले. या बायका बहुतेक गरीब होत्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती. काही दलित समाजातल्या होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र राहत आणि शिकत. जातिभेद तेथेच गळून पडे.

त्या काय शिकल्या? बाळंतपण स्वच्छ हातांनी कसे करावे, मुलाचे वजन कसे घ्यावे, लस केव्हा टोचून घ्यावी, पाणी कसे स्वच्छ ठेवावे. जुलाबावरचा सोपा उपाय तर प्रत्येकीला पाठ होता. एक लिटर उकळून थंड केलेले पाणी, त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे पाणी मुलाला थोडे थोडे पाजत राहायचे. मूल सुस्त झाले, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठायचा.

सुरुवातीला लोक हसले. “हिला काय कळतंय?” असे म्हणाले. पण मुले वाचू लागली, तसे तेच लोक रात्री-अपरात्री तिचे दार ठोठावू लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूचे प्रमाण हजारी तीसच्या खाली आले. १९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. पण त्यांनी दाखवलेली वाट बुजली नाही. २००५ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्यात आल्या. त्यांनाही त्यांच्याच गावातून निवडतात.

मित्रांनो, डॉक्टर हवेतच, दवाखानेही हवेत. परंतु ज्ञान हे काही कुलपात ठेवण्याचे औषध नव्हे. ते एकीने दुसरीला दिले, तर कमी होत नाही, वाढतेच. तुम्ही आज जे वाचले, ते घरी अम्मीला, दादीला आणि शेजारच्या खालाला सांगा. कदाचित एखादे मूल त्यामुळे वाचेल.

शब्दार्थ
दगावणे – मरण पावणे
हगवण – जुलाब, दस्त
बाळंतपण – जचगी
परिचारिका – नर्स
निवर्तणे – वारणे, इंतकाल होणे

स्वाध्याय
१. बरे झालेले मूल पुन्हा आजारी का पडे?
२. गावातलीच बाई निवडण्याचे कारण काय?
३. साखर-मिठाचे पाणी कसे तयार करतात, ते क्रमाने लिहा.
४. तुमच्या वस्तीतील आशाताईंना किंवा परिचारिकेला भेटा. त्यांच्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.