न बिघडलेल्या मशीनचा हिशेब

दौंड

चि. बाळ यास,


तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला, सकाळी पुन्हा वाचला. मोल्डिंग शॉपमधलं ते मशीन ऑईल तापून सारखं ट्रिप व्हायचं, सगळे नुसतं ऑईल बदलत बसले होते. तू मात्र प्रत्येक पाळीत ऑईल कूलरच्या पाण्याचं तापमान लिहून ठेवलंस, आत जातानाचं वेगळं, बाहेर येतानाचं वेगळं. नळ्यांमध्ये बोअरच्या जड पाण्याचे क्षार बसलेत हे त्या आकड्यांवरून तूच दाखवलंस. नळ्या साफ झाल्या, मशीन सुरळीत चालू लागलं. आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये तेच सगळं साहेबांच्या नावाने पडद्यावर आलं. पगारवाढीच्या पत्रात तुला मिळालं ते सरसकट सगळ्यांना मिळालं तेवढंच. राग यायलाच हवा, बाळ. आला नसता तर मला काळजी वाटली असती.

अशा वेळी घरातलं कुणीतरी वडीलधारं गीतेतला निष्काम कर्माचा दाखला देतं. मी देणार नाही. तो विचार माणसाने स्वतःच्या मनाशी ठेवायचा असतो, वरच्याने खालच्याला ऐकवायचा नसतो. ज्याच्या हातात दुसऱ्याचं नाव घेणं आणि पगार वाढवणं आहे, त्याने फळाची आशा धरू नकोस म्हणणं हा सरळ सरळ अन्याय आहे.

माझा जीव अडकला तो तुझ्या शेवटच्या ओळीपाशी. ‘आता मीही आठ तास भरणार, पंच मारणार आणि कारेगावच्या खोलीवर जाऊन झोपणार.’ रांजणगावच्या वसाहतीत असा निश्चय केलेली पुष्कळ माणसं तुला भेटतील. पाच-दहा वर्षांनी त्यांच्या हातातलं कसबही गेलेलं असतं, आणि ज्यांच्यावर त्यांचा राग होता ते साहेब कधीच बदली होऊन गेलेले असतात.

तुझं काम मला कळतं, कारण माझी सगळी नोकरी त्याच जातीची होती. दौंडच्या यार्डात सिग्नल मेंटेनर काय करतो, हे तुझ्या आईलासुद्धा धड सांगता येणार नाही. रुळांना जिथे फाटे फुटतात तिथे पॉइंट असतो. त्याची हलणारी पट्टी स्थिर रुळाला घट्ट चिकटली पाहिजे. तपासताना आम्ही त्या दोन्हींच्या मध्ये पाच मिलिमीटर जाडीची पट्टी मुद्दाम अडकवायचो आणि पॉइंट फिरवून बघायचो. तो लॉक व्हायला नको. एवढ्या फटीवरही लॉक झाला, तर स्टेशनमास्तरला पॅनेलवर सगळं ठीक दिसेल आणि वरून गाडी जाईल. उन्हात, पावसात, खडीवर उकिडवं बसून हे करायचं. तपासणी नीट झाली की काय घडतं? काहीच घडत नाही. गाडी येते, जाते, लोक चहा पितात. या जंक्शनवर मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. इंजिन आणि डबा यांच्या बफरमध्ये उभा राहून कपलिंग सोडवणारा माणूस प्रवाशाला दिसायचा नाही, उशीर तेवढा दिसायचा. आता कॉर्ड लाईन झाली, त्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांना ती उठाठेव राहिली नाही.

निगा राखण्याच्या कामाचं फळ म्हणजे न झालेला बिघाड, आणि जे झालंच नाही त्याचं कौतुक कोण करणार? साहेब वाईट नसला तरी त्याला ते आपोआप दिसत नाही. ब्रेकडाऊन काढणारा हीरो ठरतो, ब्रेकडाऊन होऊ न देणारा रिकामा बसलेला वाटतो. रेल्वेने यावर एक शहाणपणाची सोय केली आहे. सिग्नलच्या कुठल्याही गिअरला हात लावण्याआधी डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, त्यावर स्टेशनमास्तरची सही घ्यायची. काम झालं की रिकनेक्शन, पुन्हा सह्या, वेळेसकट. रिले रूमलासुद्धा दोन कुलपं असतात, एकाची किल्ली मास्तरकडे, दुसऱ्याची मेंटेनरकडे. हे सगळं अपघात टळावेत म्हणून आहे, पण त्यातून आणखी एक गोष्ट साधते. अमक्या दिवशी, अमक्या वेळी, अमक्या माणसाने हे काम केलं, हे कागदावर राहतं. ते कुणाला खोडता येत नाही आणि कुणाला आपल्या नावावर घेता येत नाही.

तुझे तापमानाचे आकडे कुठे आहेत? तूच लिहिलंयस, खिशातल्या डायरीत. ते मशीनच्या हिस्टरी कार्डवर, तारीख आणि सही घालून असते, तर तो पडदा त्या दिवशी वेगळा दिसला असता. नोंद ठेवणं ही फुशारकी नव्हे. आपल्याकडे मुलांना लहानपणापासून शिकवतात की आपण आपल्या कामाचं बोलू नये, काम बोलेल. तुझ्या कामाला तोंड नाही, बाळ. ते गप्प राहावं यासाठीच तर तू राबतोस.

कौतुक आणि काम यांवरून एक जवळचीच गोष्ट सांगतो. दौंडहून पुण्याला जाताना केडगाव लागतं, तुला ठाऊक आहे. तिथल्या मुक्ती मिशनबद्दल तू फार तर दुष्काळातल्या अनाथ मुलींपुरतं ऐकलं असशील. ते काढणाऱ्या पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी धर्म बदलला, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. ते पुण्यात आल्यावर ज्यांनी आधी डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. त्याच शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये लग्न केलं, त्या आनंदीबाई. कौतुक आटलं म्हणून बाईंनी काम आखडलं नाही. केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत राहिल्या, आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला मुली-बायका शिकल्या. 1919 मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, एप्रिल 1922 मध्ये बाई स्वतः गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून आला तो 1924 साली.

बाईंनी सोसलं म्हणून तूही सोस, असं मला म्हणायचं नाही. मला त्यांची एक गोष्ट मोलाची वाटते. कोण किती मानतं यावर त्यांनी कामाचा दर्जा ठरवला नाही, पण गप्पही बसल्या नाहीत. स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल त्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जाऊन साक्ष दिली होती. काम नीट करणं आणि आपलं म्हणणं नोंदवणं, दोन्ही त्यांनी केलं.

आता एक टोचणारी गोष्ट विचारतो. त्या कूलरच्या नळ्या कुणी साफ केल्या? ठेकेदाराकडच्या त्या लातूरच्या पोराने, असं तू मागे फोनवर म्हणाला होतास. तुझ्या मेसेजमध्ये मात्र तो कुठेच नाही. उद्या हिस्टरी कार्ड लिहिशील तेव्हा त्याचं नाव आधी लिही. तो कायम नाही, त्याचं पंचिंग वेगळं, कँटीनचं कूपनही वेगळं. तुझ्यावर जे गुदरलं ते त्याच्यावर रोज गुदरतं, आणि त्याच्यापुरता साहेब तू आहेस.

मग करायचं काय? मागची नोंद आजच्या तारखेने लिही, पण ‘अमुक महिन्यातलं काम’ असं स्पष्ट म्हण, मागची तारीख टाकू नकोस. किती तास मशीन बंद राहायचं, आता किती राहतं, हे दोन आकडे पुरेत. मग साहेबांना एकटं गाठ. मीटिंगमध्ये नको, पाळी सुटताना घाईतही नको. सरळ सांग, ‘सर, कूलरचं काम मी आणि अमक्याने केलं, प्रेझेंटेशनमध्ये आमची नावं यायला हवी होती, पुढच्या वेळी यावीत.’ आवाज चढवू नकोस आणि हसून मिटवूही नकोस. पगाराचं त्याच बैठकीत काढू नकोस, ते एचआरकडे लेखी दे. माणूस बरा असेल तर ओशाळेल आणि दुरुस्त करेल. नसेल तर तेही तुला कळेल, आणि ते कळणंही उपयोगाचंच.

दुसऱ्या आढाव्यालाही हेच झालं तर खुशाल सोड. सुप्याला बघ, चाकणला बघ, इकडे कुरकुंभला ये. तिथे कारखाने केमिकलचे, हीट एक्स्चेंजर कळणारा माणूस त्यांना लागतोच. फक्त हातात दुसरं पत्र आल्याशिवाय राजीनामा टाकू नकोस, खोलीचं भाडं आणि गाडीचा हप्ता रागावर भागत नाही.

तोवर ते मशीन तसंच जप. त्याच्यासमोर साहेब उभे नसतात, पाळीवरची पोरं उभी असतात.

रविवारी सुट्टी असेल तर न्हावरे-चौफुला मार्गे ये, डायरी बरोबर आण. एचआरच्या पत्राचा मसुदा दोघं बसून करू. आईला आज फोन कर, तिला सगळं माझ्याकडून कळलंय आणि ती तुझ्या फोनची वाट बघतेय.

तुझा,
मामा