चंद्रपूरच्या उन्हात टर्बो गाडीला ‘जाड’ ऑइल घालावं का?

प्रश्न : मी चंद्रपूरला राहतो. माझी टर्बो पेट्रोल गाडी आहे, डायरेक्ट इंजेक्शनची. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० ऑइल वापरा असं लिहिलंय. वॉरंटी संपली म्हणून आता ओळखीच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करतो. तिथले मेस्त्री म्हणतात, ‘‘आपल्याकडच्या उन्हात हे ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. १५डब्ल्यू-४० घाला, टर्बो टिकेल.’’ शिवाय भावाच्या बीएस-६ डिझेल गाडीसाठी आणलेला फुली सिंथेटिक ५डब्ल्यू-३०चा एक बंद डबा घरात शिल्लक आहे. तो माझ्या गाडीत चालेल का? आणि डब्यावरच्या या आकड्यांचा, अक्षरांचा नेमका अर्थ काय?

उत्तर : गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच ऑइल घाला. मेस्त्रींचा सल्ला काळजीपोटीच आहे आणि जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं चालूनही गेला आहे. तुमच्या इंजिनाला मात्र तो लागू पडत नाही.

आधी उन्हाचं बघू. बाहेर ४६ अंश असोत की २५, गरम झालेल्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर काम करत असतं. थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा यांचं कामच ते तापमान आवाक्यात ठेवण्याचं असतं. त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्याचा ऑइलच्या दाटपणावर वाटतो तेवढा परिणाम होत नाही. काही कंपन्या पुस्तकात बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता देतात. तुमच्या पुस्तकात तो असेल आणि त्यात १५डब्ल्यू-४० असेल, तर तो पर्याय खुला आहे. तक्ता नसेल तर विषय संपला.

आता आकडे. ५डब्ल्यू-३० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा, म्हणजे विंटरचा. त्याच्या आधीचा ५ हा आकडा तापमानाचे अंश दाखवत नाही. गार इंजिन सुरू करताना ऑइल किती सहज हलतं, याची ती श्रेणी आहे. ५डब्ल्यू ऑइलची ही चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. चंद्रपुरात असली थंडी कधीच पडत नाही हे खरं. पण डिसेंबरातल्या पहाटे १० अंशांवरसुद्धा १५डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा बरंच जाड असतं. थंडीतली काकवी बाटलीतून कशी रेंगाळत येते, तसं ते पंपातून वर चढायला वेळ लावतं. आणि टर्बोला सेल मारल्याबरोबर ऑइल हवं असतं.

मागचा ३० किंवा ४० हा आकडा ऑइल तापल्यावरचा. १०० अंशांवर ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान आणि ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ च्या दरम्यान असावा लागतो. ३० मधलं जाड ऑइल आणि ४० मधलं पातळ ऑइल जवळजवळ शेजारी येतात, हे यावरून लक्षात येईल. म्हणजे ‘तीस पातळ, चाळीस जाड’ एवढ्यावर ऑइलची पारख होत नाही.

टर्बोच्या दृष्टीने आणखी एक मोजमाप महत्त्वाचं आहे आणि ते डब्याच्या दर्शनी बाजूवर क्वचितच दिसतं. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका टोकाचं चाक लालबुंद करणाऱ्या एक्झॉस्टच्या वायूंत फिरत असतं. पेट्रोल गाडीत हे वायू ९०० अंशांपलीकडे जातात. तो दांडा बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासत फिरत नाही. मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागणारी फट असते आणि त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर तो तरंगतो. इतक्या वेगात आणि उष्णतेत ऑइलचा थर किती तग धरतो, ते १५० अंशांवर मोजतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. साध्या ३० ग्रेडला हा आकडा किमान २.९ लागतो. पण युरोपच्या एसीईए या संस्थेच्या ‘सी३’ प्रकारात बसणाऱ्या ऑइलला तो किमान ३.५ ठेवावा लागतो, मग त्याचा ग्रेड ५डब्ल्यू-३० असला तरी. एकाच ग्रेडचे दोन डबे शेजारी ठेवले तरी आतलं ऑइल सारखं नसतं, ते असं. म्हणून पुस्तकात ग्रेडसोबत एपीआय, एसीईए किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा मान्यता क्रमांक दिलेला असेल तर तो ग्रेडइतक्याच काटेकोरपणे पाळायचा.

तुमच्या इंजिनाच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ एपीआयची आहे. या अमेरिकी संस्थेच्या खुणेत पेट्रोल इंजिनांसाठी ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं असतात, डिझेलसाठी ‘सी’ने. एसएन हा प्रकार २०१० साली आला. पुढे डायरेक्ट इंजेक्शनची छोटी टर्बो इंजिनं वाढली तशी एक नवीन कटकट पुढे आली. कमी आरपीएमवर इंजिनावर मोठा भार पडला, की कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण पेट घेतं. पिस्टनच्या कडेला इंधनात मिसळलेले ऑइलचे थेंब हे त्यामागचं एक कारण असतं. दाब एकदम इतका चढतो की पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा धोका वाढतो असं आढळलं, म्हणून उत्पादकांनी त्यातला बराच भाग मॅग्नेशियमवर आणला. २०१८ साली एपीआयने यासाठी ‘एसएन प्लस’ आणलं आणि २०२० च्या मे महिन्यात ‘एसपी’. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. तुमच्या गाडीत एसपी किंवा त्यानंतरचंच ऑइल जायला हवं. ट्रकसाठी येणारं १५डब्ल्यू-४० उत्तम प्रतीचं असलं, तरी या चाचण्यांतून बहुधा गेलेलं नसतं.

इथे चालवणाऱ्याचाही वाटा आहे. घाटात चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढत नेऊ नका. एक गिअर खाली घ्या. इंजिनाचा आवाज वाढेल, पण त्याचं काही बिघडत नाही.

आता भावाचा डबा. तो हातात घेऊन उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीएस-६ डिझेलसाठीच्या डब्यावर बहुधा ‘एसीईए सी३’ असेल आणि सोबत ‘एपीआय एसएन/सीएफ’ किंवा नुसतं ‘एसपी’. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, सर्रास आला. काजळी त्यात जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, साचत राहते. म्हणून सी३ ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आत ठेवतात. तुमच्या पेट्रोल गाडीला याचा त्रास नाही. डब्यावर एपीआय एसपी असेल आणि पुस्तकातल्या बाकी अटी जुळत असतील तर खुशाल वापरा. नुसतं एसएन असेल तर तो डबा भावाच्याच गाडीसाठी राहू द्या. उलट, तुमच्या गाडीचं ऑइल शिल्लक राहिलं तर त्यावर एसीईएचा सी प्रकार नसताना ते भावाच्या गाडीत घालू नका. डीपीएफ बदलण्याचा खर्च फार मोठा असतो.

‘फुली सिंथेटिक’ या शब्दांवर विसंबून काही ठरवू नका. अमेरिकेत १९९९ साली झालेल्या एका जाहिरातविषयक निवाड्यानंतर कच्च्या तेलापासूनच, पण खूप शुद्ध करून बनवलेलं ऑइलही सिंथेटिक म्हणून विकलं जाऊ लागलं. ते ऑइल चांगलं असतं, टर्बोसाठी मी तेच सुचवीन. पण गुणवत्तेची हमी मागच्या बाजूच्या खुणा देतात.

ऑइल भरल्यावर पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवा. जास्त भरलेलं ऑइल फेसाळतं आणि फेसावर टर्बोचा दांडा तरंगत नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट रेस करू नका. लांबचा चढ संपवून थेट थांबायची वेळ आली, तर तीस-चाळीस सेकंद इंजिन चालू राहू द्या, नाहीतर बेअरिंगभोवती थांबलेलं ऑइल भाजून कोळशासारखं चिकटतं. गावात शिरून सावकाश पार्किंग शोधलं असेल तर तेवढंही थांबायची गरज नाही. गाडी बहुतेक वेळ शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरत असाल, तर पुस्तकातल्या ‘खडतर वापर’ या रकान्यातलं अंतर धरा आणि किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी वर्षाला ऑइल बदला.

बाजारात नकली ऑइल येतं, त्यामुळे पुढच्या सर्व्हिसिंगला सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा, आणि बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ न लिहिता ग्रेड व एपीआयची अक्षरं लिहून घ्या. मेस्त्रींना पुस्तकाचं ते पानही दाखवा. त्यांच्याकडे रोज अशाच गाड्या येऊ लागल्या आहेत.