दप्तराची मुखत्यारी

चाकण, ता. खेड, जि. पुणे
आषाढ वद्य चतुर्थी

चि. धाकटीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संस्थेचे कार्यवाहपद मंडळाने तुझ्याकडे सोपविले, खराबवाडीच्या एका भाड्याच्या खोलीत चालणारा कामगारांच्या मुलांचा सायंवर्ग आता नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे आणि महाळुंगे या गावांतही काढावयाचे ठरले, आणि त्या निमित्ताने संस्थेचे सगळे दप्तर गूगल वा मायक्रोसॉफ्टच्या सामायिक व्यवस्थेत न्यावे की कपाटातच राहू द्यावे यावरून विश्वस्तांत दोन तट पडले, हा सारा वृत्तान्त वाचला. माझी सगळी नोकरी खेडच्या पंचायत समितीत, शिक्षण विभागाच्या नस्त्या चाळण्यात गेली असल्यामुळे मी कपाटाच्या बाजूने कौल देईन, अशी तुझ्या अध्यक्षांची अटकळ असावी. ती खरी ठरणार नाही. परंतु 'एकदा सगळे ऑनलाइन झाले की काम आपोआप वाढेल' असे म्हणणाऱ्या तरुण सभासदांच्या पदरातही माझे मत पडेल, असे समजू नकोस.

आधी ज्या मुलांसाठी हा खटाटोप आहे त्यांच्याकडे पाहू. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे मोठे कारखाने आणि सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या आधाराने मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे आसपासच्या गावांतील पत्र्याच्या खोल्यांत राहू लागली. बाप ज्या कंत्राटदाराकडे हजेरीवर असतो तो कंत्राटदार बदलला, किंवा मालकाने भाडे वाढविले, की ते कुटुंब एका संध्याकाळी सामान टेंपोत घालून चार-पाच किलोमीटरांवरच्या दुसऱ्या गावी जाते. आणि खराबवाडीच्या वर्गात जिने नुकतीच परिच्छेद वाचण्यापर्यंत मजल मारली असेल ती मुलगी महाळुंग्याच्या नव्या वर्गात अगदी नवखी म्हणून दाखल होईल, कारण तिची नोंद खराबवाडीच्या वहीत आणि तिची पारख तेथल्या बाईंच्या मनात राहून गेलेली असेल. नव्या बाई तिला पुन्हा बाराखडीला बसवितील. ती चार दिवस बसेल, कंटाळेल आणि मग येईनाशी होईल.

मुंबईच्या वस्त्यांतून १९९५च्या सुमारास उभ्या राहिलेल्या 'प्रथम' संस्थेने मुलाच्या वाचनाची पातळी अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा साध्या पायऱ्यांनी ठरविण्याची जी रीत रूढ केली, आणि जिच्या आधारे २००५पासून 'असर'चे अहवाल निघू लागले, ती तुमच्या वर्गात आहेच. आता एवढेच करावयाचे की मुलाची पायरी, ती ठरविल्याची तारीख आणि ठरविणाऱ्या बाईंचे नाव ही एका सामायिक शीटमध्ये असावीत, प्रत्येक मुलाला संस्थेचा एक क्रमांक असावा, आणि गाव बदलले तरी तो क्रमांक बदलू नये. नावावर विसंबू नकोस. एकच पोरगा एका वहीत 'सोनू', दुसरीत 'सोनुकुमार' आणि आधार कार्डावर तिसराच कोणी असतो, आणि वर्षअखेरीस एका सोनूची तीन मुले होऊन पटसंख्या फुगते. अशा फुगलेल्या पटांची तपासणी करण्यात माझे किती उन्हाळे गेले ते तुझ्या मामीला विचार.

आता माझे मुख्य सांगणे. सामायिक दप्तर म्हणजे मोठे कपाट, एवढ्याच समजुतीने जी संस्था ते पत्करते तिचे काम वाढत नाही. अशा ठिकाणी केंद्रावरच्या बाई हजेरीच्या वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडतात, कार्यालयातला एखादा होतकरू मुलगा रात्री बसून तो शीटमध्ये उतरवितो, आणि ज्या बाईंनी वर्ग घेतला त्यांना ती शीट केवळ पाहण्यापुरती उघडते. दोन केंद्रांपर्यंत हे निभते. पाच केंद्रे झाली की त्या मुलाची रात्र पुरत नाही, आकडे आठवडाभर मागे पडतात, आणि मंडळाच्या बैठकीत दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. वास्तविक गाडे अडलेले असते लिहिण्याच्या अखत्याराशी. ज्याने काम केले त्यानेच नोंद करावी, नोंदीपुढे त्याचे नाव राहावे, आणि त्याला विचारल्यावाचून ती कोणी बदलू नये, हा शिरस्ता घालण्याची मंडळाची तयारी असेल तरच पुढच्या चार गावांची भाषा कर. कोणत्या खात्यातून केव्हा काय बदलले याचा माग या शीटमध्ये आपोआप राहतो आणि मागची प्रत परत आणता येते, एवढी सोय माझ्या काळच्या कोणत्याही बारनिशीत नव्हती. तेव्हा 'बाई चुकीचे भरतील' ही सबब फारशी टिकत नाही. चुकले तर दिसेल, आणि दिसले तर सुधारता येईल.

अध्यक्षांना जुन्या गोष्टींचे अगत्य आहे, म्हणून त्यांना सार्वजनिक सभेची आठवण दे. २ एप्रिल १८७० रोजी ती पुण्यात स्थापन झाली तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे पुढे ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणू लागले ते, आणि त्यांचे सहकारी यांनी असा नियम केला की निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा ज्याच्यापाशी असेल त्यालाच सभासद करून घ्यावे. बोलण्याचा अधिकार खालून वर आला पाहिजे, हे त्यांनी कागदावर पक्के केले. पुढे १८७६ ते १८७८च्या भीषण दुष्काळात, महादेव गोविंद रानडे यांचे मार्गदर्शन लाभलेल्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकरवी पीकपाण्याची आणि दुष्काळी कामांवरील मजुरांच्या हालांची हकिकत गोळा केली आणि तिच्या बळावर मुंबई सरकारकडे अर्ज-निवेदने धाडली. साधन होते टपालाचे, आणि तेही आजच्या मानाने मंद. परंतु लिहिणारा माणूस जागेवरचा होता, म्हणून पुण्यात बसलेल्या सभेच्या शब्दाला वजन आले. तेव्हा लांबच्या माणसाला लेखणी देणे ही काही अमेरिकेहून आलेली कल्पना नाही, असे त्यांना खुशाल सांग.

इतके मागे जावयाचे नसेल तर एकदा पाबळला जाऊन ये. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईची हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून त्या अवर्षणप्रवण गावी आले आणि १९८३ साली त्यांनी तेथे विज्ञान आश्रम काढला. लोखंडकाम, विजेचे काम, शेती, पशुपालन, गृह आणि आरोग्य हे सारे हाताने करून शिकविण्याची त्यांची पद्धत पुढे अनेक माध्यमिक शाळांनी उचलली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याची कार्यशाळा, याच आश्रमात उभी राहिली, आणि आज अशा लॅब जगभर सहस्राहून अधिक आहेत. या जाळ्याची जी फॅब अकॅडमी चालते तिची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. दर बुधवारी प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांचे व्याख्यान व्हिडिओवरून होते. देशोदेशींचे विद्यार्थी आपापल्या लॅबमध्ये बसून ते ऐकतात, आठवडाभर हाताने वस्तू घडवितात, आणि काय केले, कोठे फसले, मग कसे दुरुस्त केले, हे आपापल्या पानावर स्वतःच लिहून सामायिक भांडारात ठेवतात. स्थानिक शिक्षक ती पाने वाचतो, आणि दुसऱ्या देशातला परीक्षकही वाचतो. एवढा पसारा वाढून मध्यवर्ती कार्यालय त्याखाली दबले नाही, याचे मोठे कारण मला असे दिसते की प्रत्येक पानाचा लेखक तो उद्योग करणारा विद्यार्थीच आहे.

त्या रीतीतले मला सर्वाधिक आवडते ते फसल्याची नोंद ठेवणे. आपल्याकडच्या संस्थांना हे जड जाते, कारण आपला अहवाल बहुधा देणगीदाराच्या डोळ्यांनी लिहिला जातो. तुझ्या साप्ताहिक शीटमध्ये 'काय जमले नाही' असा एक रकाना अवश्य ठेव, आणि पहिला महिना तो तू स्वतः भर, म्हणजे बाईंची भीड चेपेल.

देणगीदारांचा विषय निघालाच आहे तर तोही संपवितो. कंपनी अधिनियम २०१३च्या कलम १३५ अन्वये, १ एप्रिल २०१४पासून, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि चाकणसारख्या ठिकाणी तुझ्या वर्गांना तो आधार मिळणे अशक्य नाही. पैसा आला की अहवाल आले, आणि अहवाल आले की ईमेलवरून फिरणारी 'अंतिम', 'अंतिम सुधारित' आणि 'अंतिम सुधारित खरे' अशी अपत्ये आली. एकच दस्तऐवज ठेव. हिशेबनीसाने खर्च, केंद्रप्रमुखांनी मजकूर आणि तू प्रस्तावना त्यातच लिहावी. मात्र कंपनीच्या अधिकाऱ्याला गोषवारा दाखव, मुलांच्या नावनिशीची शीट कदापि उघडून देऊ नकोस, मग त्याने कितीही गोड शब्दांत मागितली तरी.

कारण सामायिक याचा अर्थ सर्वांना खुले असा नव्हे. मुलांचे आजार, एखाद्या आईने बाईंपाशी सांगितलेली घरची मारहाण, पालकांचे आधार क्रमांक, यांतले पुष्कळसे तर लिहूनच ठेवू नये, आणि जे लिहावेच लागेल ते वेगळ्या फोल्डरमध्ये, दोघांच्या पलीकडे कोणाला न दिसेल असे ठेवावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास त्याने पालकाची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. तेव्हा संमतिपत्र मराठीत आणि हिंदीत छापून घे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखविल्याशिवाय अंगठा घेऊ नको. 'लिंक असेल त्या कोणालाही' हा पर्याय मुलांच्या कोणत्याही शीटवर दिसला तर तो त्याच क्षणी बंद कर.

खात्याच्या मालकीची गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते, पण संस्था तिथेच बुडतात. नाव लिहीत नाही, परंतु एका संस्थेत सगळे फोटो, देणगीदारांची यादी आणि जमाखर्च एका उत्साही स्वयंसेवकाच्या खाजगी जीमेलमध्ये होते. तो बंगळुरूला नोकरीस गेला, फोन नंबर बदलला, आणि पासवर्ड परत मिळविण्याचा ओटीपी ज्या नंबरावर जाई तो नंबरच नाहीसा झाला. कोणाचाही लबाडीचा हेतू नव्हता. तरी लेखापरीक्षकासमोर त्या मंडळींची जी तारांबळ उडाली ती मी पाहिली आहे. म्हणून खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या सिमकार्डावर, आणि ॲडमिन दोघे, त्यांतला एक विश्वस्त. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना गूगलची मूळ व्यवस्था विनामूल्य मिळते आणि मायक्रोसॉफ्टही ३०० जणांपर्यंत साधी आवृत्ती देते. परंतु दान हे दानच. मायक्रोसॉफ्ट याखेरीज वरच्या प्रतीची दहा खातीही फुकट देत असे. ती सवलत नूतनीकरणाच्या वेळी काढून घेण्यास जुलै २०२५पासून सुरुवात झाली, आणि ज्यांनी तिच्यावरच सारा संसार मांडला होता त्यांना पैसे मोजण्याचा किंवा उतरण्याचा विचार करावा लागला. दर महिन्याच्या अखेरीस संपूर्ण दप्तराची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून ती कोषाध्यक्षांच्या कपाटात ठेव. कपाटवाल्या पक्षालाही तेवढेच समाधान.

'आपले कागद परदेशी जातील' ही त्यांची दुसरी भीती. मायक्रोसॉफ्टने २०१५ सालीच पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली विदाकेंद्रे उघडली, तेव्हा कागद सातासमुद्रापार जातातच असे नाही. तथापि आपली नोंद नेमकी कोठे राहील ते करार वाचूनच ठरते, आणि तो करार मंडळातील वकिलांना वाचावयास दे.

विजेचे आणि नेटवर्कचे रडगाणे मात्र खरे आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि पत्र्याच्या खोल्यांत एरवीही रेंज धड मिळत नाही. यासाठी कोबोसारखा फॉर्म वापर, जो नेटवर्क नसताना फोनमध्येच भरून ठेवता येतो आणि रेंज आली की वर जातो. आणि बाईंचा स्वतःचा फोन वापरणार असशील तर रिचार्जचा खर्च संस्थेच्या खर्चात मांड, तो त्यांच्या मानधनातून जाऊ देऊ नकोस.

येत्या बैठकीत ठराव असा मांड: संस्थेचे खाते संस्थेच्या नावाने उघडावे, प्रत्येक केंद्राच्या शिक्षिकेस आपल्या केंद्राच्या नोंदी लिहिण्याचा अधिकार असावा, बालकांच्या खाजगी नोंदी कार्यवाह आणि एक महिला विश्वस्त यांच्यापुरत्या राहाव्यात, आणि विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत बदल अर्ज जातो, खात्याचे अधिकार बदलण्याचे काम मात्र त्याच दिवशी व्हावे. पहिले सहा महिने खराबवाडी आणि महाळुंगे ही दोनच केंद्रे या व्यवस्थेत घ्यावीत, कारण मुले सर्वांत अधिक याच दोन गावांत ये-जा करतात असे तू लिहिले आहेस. ठरावाचा मसुदा रविवारपर्यंत माझ्याकडे पाठव, म्हणजे सभेची नोटीस निघण्यापूर्वी मी तो नजरेखालून घालीन. आक्कांना नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा